महागडा गेम कंट्रोलर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीमियम कंट्रोलर नेमकं कशाला म्हणायचं?

कन्सोलच्या खोक्यात येतो तो साधा कंट्रोलर. त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला विकला जातो तो प्रीमियम, इतकी ढोबळ व्याख्या पुरेशी आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स एलिट २०१५ मध्ये १५० डॉलरला आला. २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, एलिट सिरीज २, आली ती १८० डॉलरला. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज २०० डॉलरला आणला, तेव्हा प्लेस्टेशन ५ चा साधा ड्युअलसेन्स ७० डॉलरच्या आसपास मिळत होता.

या जादा पैशांत साधारण हे मिळतं: पाठीमागे दोन किंवा चार बटणं, ट्रिगर (तर्जनीने ओढायची कळ) किती आत जावा हे ठरवणारे लॉक, स्टिकच्या (अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांच्या) काढून बदलता येणाऱ्या टोप्या, कंट्रोलरमध्येच साठवता येणारे प्रोफाइल (बटणांच्या मांडण्या), रबरी पकड आणि सगळं ठेवायला एक कडक पेटी. काहींमध्ये स्टिक किती घट्ट असावी हेही किल्लीने ठरवता येतं. या यादीतल्या दोन-तीन गोष्टी खरोखर कामाच्या असतात. बाकीच्या हातात घेतल्यावर छान वाटतात आणि महिन्याभरात विसरल्या जातात.

थोडक्यात सांगा, घ्यावा की नाही?

आत्ताच्या कंट्रोलरमुळे तुमचं नेमकं काय अडतंय, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत असेल आणि त्या अडचणीचं उत्तर नव्या कंट्रोलरमध्ये असेल, तर घ्या. "उडी मारताना उजव्या स्टिकवरचा अंगठा उचलावा लागतो आणि नेम सुटतो" हे असं वाक्य आहे. "माझा खेळ जरा बरा होईल" हे नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेकांचा अपेक्षाभंग इथेच होतो. जादा किमतीत जादा सोयी मिळतात, जादा आयुष्य मिळेलच असं नाही. "एकदाच महागातला घेऊ, म्हणजे दहा वर्षं बघायला नको" या हिशेबाने कुणी निघालं असेल तर त्यांनी टिकाऊपणाबद्दलचा प्रश्न खाली आधी वाचावा.

मागची बटणं इतकी महत्त्वाची का मानली जातात?

कारण कंट्रोलरच्या रचनेतली एक जुनी अडचण तीच सोडवतात. उजव्या अंगठ्याकडे दोन कामं असतात: उजवी स्टिक फिरवून बघणं किंवा नेम धरणं, आणि समोरची चार बटणं दाबणं. अंगठा एकच. बटणाकडे गेला की स्टिक सुटते. सावकाश चालणाऱ्या गेममध्ये हे जाणवतही नाही. पण एल्डन रिंगमध्ये पळण्यासाठी समोरचं बटण दाबून धरावं लागतं आणि त्याच वेळी मागून येणारा शत्रू बघायला कॅमेरा फिरवायचा असतो. मग काही जण तर्जनी वाकडी करून बटणावर आणतात आणि अंगठा स्टिकवरच ठेवतात. या पकडीला गेमर 'क्लॉ' म्हणतात. ती जमते, पण तासन्‌तास तशी बोटं वाकवून खेळणं सांध्यांना मानवणारं नाही.

मागची बटणं मधल्या आणि अनामिकेच्या खाली येतात. साध्या कंट्रोलरवर ही बोटं फक्त पकडायच्या कामी येतात. धावणं, उडी, बसणं, शस्त्र भरणं यांतली दोन कामं त्या बोटांकडे सोपवली की अंगठा स्टिकवर कायम राहतो. कॉल ऑफ ड्यूटीसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये हवेत उडी मारतानाही नेम हलता ठेवता येतो. रॉकेट लीगमध्ये गाडी हवेत असताना बूस्ट, कॅमेरा आणि गिरकी एकत्र सांभाळता येतात.

माझ्या मते प्रीमियम कंट्रोलरमधली पैसे मोजण्याजोगी पहिली गोष्ट हीच. पुढचा सगळा विचार हिच्यापासून सुरू करावा.

सवयीचं मात्र मनावर घ्यायला हवं. सुरुवातीला पकड घट्ट झाली की बटण चुकून दाबलं जातं. म्हणून चारही बटणं एका दिवसात वापरायला जाऊ नका. एका बटणावर एकच काम ठेवा, ते न विचार करता दाबलं जाऊ लागलं की दुसरं जोडा. चारांपैकी दोन पॅडल, म्हणजे मागची बटणं, कायमची काढून ठेवणारे खेळाडू पुष्कळ आहेत, आणि त्यांचं काही अडत नाही.

मग ही बटणं सगळ्याच कंट्रोलरवर का नसतात?

याला पेटंटचा इतिहास आहे. पाठीमागच्या पॅडलची कल्पना स्कफ या कंपनीने लोकप्रिय केली आणि तिची पेटंट आयर्नबर्ग इन्व्हेन्शन्स या संलग्न कंपनीकडे होती. मायक्रोसॉफ्टने एलिटसाठी त्यांचा परवाना घेतला. स्टीम हे संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१५ मध्ये आणलेल्या स्टीम कंट्रोलरलाही मागे बटणं होती, त्यावरून खटला झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूरीने व्हॉल्व्हला ४० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. अशा वातावरणात ही बटणं बराच काळ महागड्या वर्गातच राहिली.

आता चित्र बदललं आहे. एटबिटडू, गेमसर, फ्लायडिजी यांसारख्या कंपन्या साध्या कंट्रोलरच्या किमतीत, कधी त्याहून कमीत, मागची दोन बटणं देतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या प्रो कंट्रोलरलाही ती आहेत. त्यामुळे फक्त मागची बटणं हवीत म्हणून तिप्पट पैसे मोजायची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही.

महाग कंट्रोलर जास्त टिकतो ना?

नाही, निदान तसं गृहीत धरता येत नाही.

कंट्रोलर बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे स्टिकला हात न लावताही पात्र किंवा कॅमेरा आपोआप एका बाजूला सरकणं. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतात. त्यात कार्बनचा एक पातळ थर आणि त्यावर घासत फिरणारा धातूचा छोटा संपर्क असतो. स्टिक हलली की संपर्काची जागा बदलते, त्याप्रमाणे विद्युतदाब बदलतो, आणि कंट्रोलरला दिशा कळते. हे घासणं हजारो वेळा, लाखो वेळा होतं. थर झिजतो, त्याची भुकटी आतच साचते, मधोमध परत आणणारी स्प्रिंगही सैल पडते. प्रचलित स्टिक-जोडणीचं आयुष्य तिचे उत्पादक साधारण २० लाख फेऱ्या सांगतात. आकडा मोठा वाटतो, पण नेमबाजीच्या गेममध्ये स्टिक क्षणभरही स्वस्थ नसते.

आता महत्त्वाची बाब. एलिट सिरीज २ मध्ये आणि ड्युअलसेन्स एजमध्येही स्टिक पोटेन्शिओमीटरच्याच आहेत. म्हणजे ज्या भागामुळे साधा कंट्रोलर बाद होतो, तोच प्रकार १८०-२०० डॉलरच्या कंट्रोलरमध्येही आहे. शिवाय महागड्या कंट्रोलरमध्ये हलणारे, सुटणारे, चिकटवलेले भाग जास्त असतात. पॅडल, लॉक, चुंबकाने बसणाऱ्या टोप्या, रबरी पकड, यांतला प्रत्येक भाग बिघडण्याची एक नवी जागा आहे. एलिट सिरीज २ मधल्या यांत्रिक बिघाडांच्या तक्रारी आल्यानंतर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची वॉरंटी ९० दिवसांवरून एक वर्षावर नेली. कंपनीने हे केलं ते योग्यच, पण एवढ्या किमतीच्या वस्तूला मुळात ९० दिवसांची वॉरंटी होती हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून मी किंमत बघताना तिला वॉरंटीच्या महिन्यांनी भागून बघायला सांगते. दोन कंट्रोलरची तुलना करायला ते वैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीपेक्षा जास्त प्रामाणिक माप आहे.

हॉल इफेक्ट स्टिक म्हणजे काय? आणि टीएमआर?

दोन्हींमध्ये घासणारा संपर्क नसतो. हॉल इफेक्ट स्टिकमध्ये दांडीला छोटा चुंबक जोडलेला असतो आणि खाली संवेदक. चुंबक हलला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि संवेदक ते मोजतो. स्पर्शच नसल्यामुळे मोजणारा भाग झिजत नाही. तत्त्व एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलं होतं. गेमिंगमध्येही ते नवं नाही, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ मध्येच चुंबकीय संवेदक होते. पुढे उद्योग पोटेन्शिओमीटरकडे वळला आणि अलीकडे गुलीकिटसारख्या कंपन्यांनी हॉल स्टिक पुन्हा बाजारात आणल्या.

टीएमआर हाही चुंबकीयच प्रकार, फक्त संवेदक वेगळा. तो हॉलपेक्षा कमी वीज खातो आणि बारीक हालचाल जास्त अचूक टिपतो. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरला तो सोयीचा.

पण चुंबकीय स्टिक म्हणजे अमरपट्टा नव्हे. स्प्रिंग सैल होऊ शकते, टोपीचं रबर झिजतं, आणि कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य आणि कडा कंट्रोलरला नेमक्या कळवणं) चुकलं तर मध्यबिंदू हलूही शकतो. स्टिकची चाल कशी वाटते हे संवेदकापेक्षा स्प्रिंग, प्लास्टिकचा दर्जा आणि फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) यांवर जास्त ठरतं. काही स्वस्त हॉल कंट्रोलरमध्ये मध्याजवळची बारीक हालचाल पोटेन्शिओमीटरइतकी गुळगुळीत वाटत नाही. तरीही, दोन कंट्रोलर बाकी सारखे असतील तर मी डोळे झाकून चुंबकीय स्टिकवाला निवडीन.

स्टिकचा अख्खा भागच बदलता येतो, असा कंट्रोलर घेतला तर?

ड्युअलसेन्स एजमध्ये ही सोय आहे आणि ती मला मनापासून आवडते. वरचं झाकण काढायचं, एक खिट्टी उचलायची, जुना भाग ओढून नवा बसवायचा, सोल्डरिंगची गरज नाही. सुटा भाग सुरुवातीला २० डॉलरला होता. म्हणजे ड्रिफ्ट आला तर २०० डॉलर वाया जात नाहीत. अडचण इतकीच की नवा भागही पोटेन्शिओमीटरचाच, त्यामुळे हा खर्च कधीतरी पुन्हा येणार. विकत घेण्याआधी तो सुटा भाग तुमच्याकडे सहज मिळतो का ते बघा. मिळत नसेल तर या सोयीला कागदावरच किंमत आहे.

ट्रिगर लॉकचा उपयोग कुणाला?

नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांना. बंदुकीला अर्धवट दाब नावाचा प्रकार नसतो, गोळी सुटते किंवा सुटत नाही. मग बोटाला पूर्ण अंतर कापायला लावण्यात अर्थ नाही. लॉक लावला की ट्रिगर जेमतेम हलतो आणि लगेच लागू होतो. काही कंट्रोलरमध्ये तर माऊससारखी टिक् करणारी कळच असते.

गाड्यांच्या शर्यतीत मात्र हाच लॉक घात करतो. तिथे ब्रेक तीस टक्के दाबायचा की सत्तर, यावर वळण ठरतं. ज्या कंट्रोलरचा ट्रिगर कायमचाच आखूड आहे, लॉक काढता येत नाही, तो दोन्ही प्रकार खेळणाऱ्याने घेऊ नये. आणि ड्युअलसेन्सच्या ट्रिगरमध्ये धनुष्याची दोरी ताणल्यासारखा जो प्रतिकार येतो, तो जाणवायला ट्रिगरची पूर्ण चाल लागते. चाल आखडली की तो आनंदही आखडतो.

जाहिरातीत १००० हर्ट्झ लिहिलेलं असतं. फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरात सांगते तितका नाही. १२५ हर्ट्झ म्हणजे कंट्रोलर दर ८ मिलिसेकंदांनी आपली स्थिती कळवतो, १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. बटण या दोन वेळांच्या मध्ये कुठेही दाबलं जात असल्यामुळे सरासरी बचत साडेतीन मिलिसेकंदांची. ६० फ्रेमच्या गेममध्ये पडद्यावरचं एक चित्रच १६.७ मिलिसेकंद टिकतं. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक खेळणाऱ्याला ही बचत उपयोगी पडू शकते.

बाकीच्यांनी आधी टीव्हीचा गेम मोड सुरू आहे का ते बघावं. तो बंद असेल तर अनेक टीव्ही एकटेच कितीतरी मिलिसेकंद उशीर करतात, आणि तो सुरू करायला एक पैसाही लागत नाही. संगणकावर खेळत असाल तर ब्लूटूथऐवजी कंट्रोलरसोबतचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) किंवा सरळ वायर वापरा. हे दोन उपाय करूनही उशीर जाणवत असेल तर मग हर्ट्झकडे वळा.

माझा खेळ सुधारेल का?

अडथळा काढून टाकल्यावर जितका सुधारतो तितका सुधारेल. नकाशा कळत नसेल, नेम आधीच चुकीच्या जागी असेल, घाईत निर्णय चुकत असतील, तर पॅडल त्यावर काही करू शकत नाहीत. उलट पहिले काही दिवस खेळ थोडा खालावतो, कारण बोटांची जुनी सवय मोडायची असते. ज्यांनी साधा कंट्रोलर पूर्ण वापरला आहे, संवेदनशीलता, डेडझोन (स्टिकची मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही ती), बटणांची मांडणी हे सगळं स्वतःला हवं तसं लावून पाहिलं आहे, त्यांना प्रीमियम कंट्रोलरचा फायदा लगेच दिसतो. त्यांना नेमकं काय हवंय ते ठाऊक असतं.

कोणत्या प्रकारच्या गेमना फायदा नाही?

कोडी, आळीपाळीने चाल खेळायचे गेम, शेती-बांधकामाचे गेम, निवांत कथाप्रधान गेम. यांना साधा कंट्रोलर पुरून उरतो. मारामारीच्या गेमसाठी चांगला डी-पॅड (चार दिशांचं अधिकचिन्हासारखं बटण) लागतो, आणि तो प्रत्येक महागड्या कंट्रोलरमध्ये असतोच असं नाही. तुम्ही मुख्यतः तेच खेळत असाल तर आर्केड स्टिक किंवा फक्त बटणांचा लीव्हरलेस बोर्ड यांवर पैसे घाला. शर्यतीवर जीव असेल तर तेच पैसे साठवून साधं स्टिअरिंग व्हील घेणं जास्त समाधान देईल.

बॅटरीचं काय?

इथे किंमत आणि सोय उलट दिशांना जाऊ शकतात. ड्युअलसेन्स एजची बॅटरी १०५० मिलीअँपिअर-तासांची, साध्या ड्युअलसेन्सची १५६०. जास्त पैसे देऊन कमी वेळ खेळायला मिळतं. एलिट सिरीज २ मध्ये ती बाजू भक्कम आहे, कंपनी ४० तासांपर्यंत सांगते. पण ती आत बसवलेली आहे, आणि लिथियम बॅटरी वर्षागणिक क्षीण होत जाते. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला दोन एए सेल लागतात. ते जुनाट वाटेल, पण दहा वर्षांनीही नवे सेल टाकून तो चालू होईल. दीर्घकाळ वापराचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

मग स्वस्तातला हॉल इफेक्ट कंट्रोलर घेतला तर मी काय गमावतो?

पहिली गोष्ट, कन्सोलशी जुळणं. संगणक, मोबाइल आणि स्विचवर हे कंट्रोलर सहसा छान चालतात. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर दार अरुंद आहे. प्लेस्टेशन ५ च्या गेमसाठी प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉकसुद्धा चालत नाही, मग परवाना नसलेला तिसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर कुठून चालणार. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ पासून एक्सबॉक्सवर अनधिकृत उपकरणं बंद करायला सुरुवात केली. खोक्यावर तुमच्या कन्सोलचा अधिकृत परवाना छापलेला आहे का, एवढं बघूनच पैसे द्या.

दुसरी, कन्सोल कंपनीच्या खास गोष्टी. ड्युअलसेन्सचं बारीक कंपन आणि ट्रिगरचा प्रतिकार इतर कंपन्यांच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये मिळत नाही, महागड्यांतही. काही कंट्रोलर कन्सोल झोपेतून उठवू शकत नाहीत, काहींत हेडफोनची खाच नसते.

तिसरी, सेवा. बिघडल्यावर कुणाकडे जायचं, सुटे भाग मिळतील का, फर्मवेअर आणखी तीन वर्षांनी अद्ययावत होईल का, याची उत्तरं मोठ्या कंपनीकडे निदान शोधता येतात.

एवढं सगळं सांगूनही, मुख्यतः संगणकावर खेळणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे. मागे दोन बटणं आणि चुंबकीय स्टिक असलेला मध्यम किमतीचा कंट्रोलर घ्या. महागड्यात मिळणाऱ्या सोयींपैकी कामाच्या बहुतेक सगळ्या त्यात येतात, आणि टिकाऊपणाची शक्यता उलट जास्त.

नवा न घेता आहे त्याच कंट्रोलरमधून काही करता येईल?

पुष्कळ. बटणांची अदलाबदल आता यंत्रणेतच करता येते. एक्सबॉक्सवर अ‍ॅक्सेसरीज ॲपमधून, प्लेस्टेशन ५ वर सुलभता विभागाच्या सेटिंगमधून, स्विचवर एप्रिल २०२० च्या अद्ययावतीपासून. उडी बंपरवर (ट्रिगरच्या वरचं बटण) आणि ग्रेनेड समोरच्या बटणावर नेलं तरी अंगठा स्टिकवर राहतो, म्हणजे पॅडलचं अर्धं काम फुकटात झालं. नेमबाजीच्या अनेक गेममध्ये 'बंपर जंपर' नावाची तयार मांडणी याच कारणासाठी दिलेली असते.

संगणकावर स्टीम इनपुट, म्हणजे स्टीममधली कंट्रोलरची सेटिंग, त्याहून पुढे जातं. एका बटणाला दोन कामं देता येतात, एक साध्या दाबण्याने आणि एक धरून ठेवल्याने. कंट्रोलरमध्ये जायरो (कंट्रोलर कसा वळला ते ओळखणारा संवेदक) असेल तर बारीक नेम मनगट हलवून धरता येतो. हे शिकायला थोडे दिवस लागतात, पण अचूकतेत जो फरक पडतो तो कुठल्याही टोपीने किंवा लॉकने पडत नाही.

उंच टोप्या सुट्याही मिळतात आणि साध्या स्टिकवर बसतात. स्टिक लांब झाली की तेवढ्याच कोनासाठी अंगठ्याला जास्त अंतर मिळतं आणि बारीक नेम सोपा होतो. ड्रिफ्टची जेमतेम सुरुवात झाली असेल तर गेममधला डेडझोन किंचित वाढवा, काही महिने निघतात.

खेळताना हात दुखतात. महाग कंट्रोलरने बरं वाटेल?

आकार हाताला बसत नसेल तर वाटू शकतं, पण वजन बघा. एलिट सिरीज २ सुमारे ३४५ ग्रॅमचा आहे, साधा ड्युअलसेन्स २८० च्या आसपास. मनगटाला त्रास असलेल्या माणसाला हा फरक तासाभरात कळतो. दुकानात किंवा मित्राकडे हातात घेऊन, निदान वीस मिनिटं खेळून मग ठरवा. दुखणं टिकून असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांसाठी वेगळी साधनं आहेत आणि ती प्रीमियम कंट्रोलरपेक्षा कितीतरी विचारपूर्वक बनवलेली आहेत. एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ पासून, प्लेस्टेशन ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ पासून उपलब्ध आहे. बाहेरची बटणं, पायाने दाबायच्या कळा, हव्या त्या आकाराच्या स्टिक त्यांना जोडता येतात. या गटातल्या कुणालाही "नुसता मागे बटणं असलेला घे" असं सांगून मोकळं होऊ नये.

भेट द्यायला कसा आहे?

खेळणाऱ्याने स्वतः मागितला असेल तर उत्तम. न विचारता देऊ नका, पकड आणि बटणांच्या जागा फार वैयक्तिक असतात. लहान मुलांसाठी साधाच बरा, सुटे भाग हरवत नाहीत.

वापरलेला घेऊ का?

घेऊ शकता, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय नाही. ब्राउझरमध्ये उघडणारं गेमपॅड टेस्टर वापरा. स्टिक सोडल्यावर आकडे शून्याजवळ स्थिर राहतात का बघा. हळू कडेपर्यंत नेऊन सोडा, चारही दिशांना, आणि दर वेळी ती मध्यावर परतते का तपासा. कडेने गोल फिरवा, वर्तुळाला कुठे खोबण दिसते का. बंपर मधोमध न दाबता दोन्ही टोकांना दाबा, अर्धवट बिघडलेला बंपर तिथेच पकडला जातो. रबरी पकडीच्या कडा सुटल्यात का, चार्जिंगची खाच हलते का, प्रत्येक पॅडल दहा-दहा वेळा दाबल्यावर दहाही वेळा लागतं का, हे बघा. स्टिक बदलता न येणारा आणि वॉरंटी संपलेला प्रीमियम कंट्रोलर निम्म्या किमतीलाही मी घेणार नाही.

सगळ्या वस्तू असलेला संच घ्यावा की साधी आवृत्ती?

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये एलिट सिरीज २ ची कोअर आवृत्ती १३० डॉलरला आणली. कंट्रोलर तोच, पण पॅडल, जादा टोप्या, पेटी वगैरे वेगळे घ्यावे लागतात. स्वस्त वाटतो, मात्र ज्या पॅडलसाठी हा कंट्रोलर घ्यायचा तेच त्यात नाहीत. बेरीज करून मगच ठरवा.

घेतला. आता सुरुवातीला काय करू?

खोकं आणि बिल जपून ठेवा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत रोज खेळा, कपाटात ठेवू नका, कारण कारखान्यातला दोष असेल तर तो बहुधा याच दिवसांत दिसतो. पहिल्याच दिवशी फर्मवेअर अद्ययावत करा आणि स्टिक कॅलिब्रेट करा. एलिट सिरीज २ मध्ये ही सोय अ‍ॅक्सेसरीज ॲपमध्ये आहे. मग डेडझोन शून्याकडे नेत जा, जिथे कॅमेरा आपोआप सरकायला लागतो त्याच्या किंचित वर थांबा. नव्या स्टिकचा खरा फायदा या जागी मिळतो आणि बरेच जण तो घेतच नाहीत.

एका गेमसाठी एकच प्रोफाइल करा आणि दोन आठवडे त्याला हात लावू नका. रोज मांडणी बदलत राहिलं तर बोटांना काहीच पक्कं होत नाही. वॉरंटी संपायची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, तिच्या पंधरा दिवस आधीचीही एक आठवण लावा, आणि त्या दिवशी वर सांगितलेली वापरलेल्या कंट्रोलरची सगळी तपासणी स्वतःच्या कंट्रोलरवर करून घ्या.